फाटकाबाहेरच्या जंगलाचं काय?

पहाटे टिपेश्वरच्या सुन्ना फाटकातून जिप्सी आत शिरतात. उन्हाळ्यात त्याच वेळी आसपासच्या गावांतल्या बाया टोपल्या घेऊन मोहफुलं वेचायला निघतात. पर्यटकाला वाघ दिसायला हवा असतो. वेचणाऱ्या बाईला तो दिसायला नको असतो. जिप्सीला वेळ, मार्ग, वाटाड्या ठरवून दिलेला असतो. त्या बाईसाठी अशी नीट व्यवस्था का नसावी?

यवतमाळ जिल्ह्यातलं टिपेश्वर अभयारण्य १९९७ साली जाहीर झालं. क्षेत्र सुमारे १४८ चौरस किलोमीटर. वाघ वाढले की एवढी जागा पुरत नाही. वयात आलेला नर स्वतःचा इलाखा शोधत बाहेर पडतो. २०१९मध्ये रेडिओ कॉलर लावलेला इथला एक वाघ शेतं, नाले, रस्ते ओलांडत, तेलंगणातूनही फिरत, सुमारे ३,००० किलोमीटर चालला आणि बुलढाण्याच्या ज्ञानगंगा अभयारण्यात स्थिरावला.

अवनी या वाघिणीच्या वाट्याला असं स्थिरावणं आलं नाही. १३ माणसांच्या मृत्यूंशी तिचं नाव जोडलं गेलं आणि २ नोव्हेंबर २०१८च्या रात्री राळेगाव तालुक्यात बोराटीजवळ तिला गोळी घातली गेली. तिचा वावर होता तो जंगलाच्या तुटक पट्ट्यांत आणि शेतशिवारांत. गुरं चरतात, सरपण गोळा होतं, पऱ्हाटीची जागल होते, तीही हीच जमीन.

व्याघ्र प्रकल्पाला कायद्यानेच गाभा आणि बफर असे दोन भाग असतात. टिपेश्वर व्याघ्र प्रकल्प नाही, त्यामुळे बाहेरच्या पट्ट्याला तशी चौकट नाही. पण दुसरा आधार आहे. २००६चा वनहक्क कायदा ग्रामसभेला सामूहिक वनाचं रक्षण आणि व्यवस्थापन करण्याचा हक्क देतो. तेंदूपत्ता, मोह, बांबू या गौण वनोपजावर मालकीही देतो. केळापूर, राळेगाव, मारेगाव, घाटंजी तालुक्यांतल्या अनुसूचित गावांत ग्रामसभेला अधिकार देणारा पेसा कायदाही लागू आहे.

तेव्हा आराखडा गावागावात बसून व्हावा. चराई कुठे, वेचणी कोणत्या वेळी, एकट्याने कुठे जायचं नाही, हे वाघाचा माग पाहून ग्रामसभा आणि वनखात्याने मिळून ठरवावं. सफारीच्या उत्पन्नातला ठरलेला वाटा गॅस, कुंपण आणि गावातल्या वनरक्षक पथकांसाठी द्यावा. वाघाचा धोका जे रोज सोसतात, त्याच्या कमाईवर पहिला हक्क त्यांचाच आहे.