गायरानावर झाडे का लावत नाही?

दर वर्षी मृगाच्या तोंडावर मंडळ्यांकडून एक प्रेमाची विचारणा येते. लातूर-नांदेडकडच्या पारधी वस्त्यांशेजारचे गायरान उघडेबोडके दिसते, तिथे रोपे लावायला देणगी पाठवू का? देणगी हवीच आहे. पण रोपे माळावर नकोत, असे आम्ही कळवतो आणि काहींना ती टाळाटाळ वाटते. म्हणून जरा सविस्तर लिहीत आहे.

बालाघाटच्या डोंगररांगेत, अहमदपूर, चाकूर, कंधार, मुखेड या पट्ट्यात, खोलगट जागी काळी जमीन आहे. तिथे सोयाबीन, तूर पिकते. चढावरची जमीन मुरमाड, वीतभर मातीखाली खडक. या बरडावर देवाने गवतच नेमले आहे : मारवेल, पवन्या, कुसळी. उन्हाळ्यात ते वाळते, म्हणून आपण त्या जमिनीला ‘पडीक’ म्हणून मोकळे होतो. मुळे मात्र जिवंत असतात. दोन पाऊस पडले की माळ पुन्हा हिरवा.

या गवतात आणि मुरमावर तितर, लावा, पखुर्डी, धाविक, माळटिटवी, चंडोल राहतात. यांतला एकही झाडावर घरटे करत नाही. माळटिटवी उघड्या जमिनीवर खड्यांच्या मधोमध अंडी घालते. अंड्यांचा मातकट रंग हेच त्यांचे कुंपण. शत्रू दुरून दिसला पाहिजे, यावर या पक्ष्यांचा सगळा बचाव उभा आहे. तिथे झाडांची रांग उभी केली की फांदीवर कावळा, शिक्रा येऊन बसतो आणि अख्खा माळ वरून न्याहाळतो. सावलीत गवत विरळ होते, नाकतोडे घटतात. हिवाळ्यात मध्य आशियाकडून येणारे भोवत्या नावाचे शिकारी पक्षी याच नाकतोड्यांवर जगतात आणि रात्री गवतात, जमिनीवरच मुक्काम करतात. आपल्या शेतकऱ्याला फुकटचे राखणदार!

पाणपक्ष्यांचेही गवताशी नाते आहे. हिवाळ्यात मराठवाड्यातल्या जलाशयांवर उतरणारे चक्रवाक आणि पट्टकदंब पाण्यात विसावतात, पण चरायला काठावरच्या गवतात आणि शेतात येतात. हळदीकुंकू बदक तर अंडीच काठच्या गवतात घालते. शिवाय माळावरचे गवत गेले की पहिल्या मोठ्या पावसात माती ओढ्याने थेट धरणात जाते. २०१६ मध्ये मांजरा धरण कोरडे पडून लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी आणावे लागले. ते पावसाअभावी घडले हे खरे. पण धरणात पाण्याच्या जागी गाळ साठू द्यायचा का, हे आपल्याही हातात आहे. (गोदावरीच्या वाळूच्या बेटांवर घरटी करणाऱ्या नदी सुरयाचे वाळूउपशाने काय होते, ते पुन्हा केव्हातरी.)

माळ गमावला तर काय होते, ते पाहायला धाराशिवच्या पलीकडे जावे. सोलापूरजवळ नान्नजला १९७९ मध्ये माळढोकसाठी अभयारण्य झाले. कागदावर ते ८,४९६ चौरस किलोमीटर होते. त्यात गावे आणि खासगी शेतेही आली, जमिनीचे व्यवहार अडले, आणि माळढोक म्हणजे संकट अशी लोकांची भावना झाली. पुढे क्षेत्र १,२२२ चौरस किलोमीटरवर आणले गेले. पण माळढोक बहुधा वर्षाला एकच अंडे घालतो. एकदा संख्या ढासळली की ती लवकर भरून येत नाही. आज तिथे माळढोक दिसणे ही बातमी होते. लोकांना बाजूला ठेवून पक्षी वाचत नाहीत, एवढे नान्नजवरून मला तरी पटले आहे.

आणि इथे लोक म्हणजे फासेपारधी. तितराला तितराच्याच आवाजाने बोलावणारी, गवताच्या वाकण्यावरून लाव्याची वाट ओळखणारी ही जमात. इंग्रजांनी १८७१ पासूनच्या कायद्याने गुन्हेगार जमातींचा शिक्का मारला. तो १९५२ मध्ये कागदावरून गेला, पोलीस पाटलाच्या नजरेतून अजून गेलेला नाही. १९७२ च्या वन्यजीव कायद्याने शिकार बंद झाली, पण पोटाला दुसरे काही कोणी दिले नाही. चोरून फासे अजूनही लागतात, हे लपवण्यात अर्थ नाही.

तरी एक गोष्ट वाचकांना ठाऊक असावी. माधव गाडगीळ आणि कैलाश मल्होत्रा यांनी पश्चिम महाराष्ट्रातल्या फासेपारध्यांविषयी नोंदवले आहे की, फाशात सापडलेली गाभण हरिणी आणि पाडसे ते सोडून देत. अनुवादाच्या बाविसाव्या अध्यायात घरट्याचा जो छोटा नियम आहे, पिल्ले घेतली तरी आईला सोडावे, तो वाचताना मला हेच आठवते. बायबल हाती नसलेल्यांनी हा नियम पाळला होता.

अकोला-वाशीम भागात ‘संवेदना’ ही संस्था फासेपारध्यांनाच सोबत घेऊन तणमोर आणि त्याचे गवताळ रान राखण्याचे काम करते. तणमोर हा माळढोकाचा धाकटा भाऊबंद. पावसाळ्यात नर गवतावर उंच उड्या मारून मादीला खुणावतो. जगात तो अगदी थोडा उरला आहे. ज्यांना तो कुठे उडी मारेल ते कळते, त्यांनाच त्याचे राखणदार करणे, यापेक्षा सरळ उपाय मला दिसत नाही.

आपल्याकडे मात्र गायरानाला कुंपण पडले की सर्वांत आधी पारधी बाईच्या शेळ्या अडतात. २०१९ मध्ये राज्याने ३३ कोटी रोपांचे लक्ष्य ठेवले होते; अशा मोहिमांत झाडे नसलेली जागा म्हणजे रिकामी जागा, असेच धरले जाते. मग खड्डे माळावर पडतात, आणि भूमिहीनाच्या हातातला चारा जातो.

तेव्हा रोपे जरूर पाठवा : शेवगा आणि कडुनिंब वस्तीच्या अंगणात, बाभूळ ओढ्याकाठी आणि बांधावर. माळासाठी विळे पाठवा. जूनपासून दिवाळीपर्यंत माळाचा एक भाग चराईला बंद ठेवायचा, दिवाळीनंतर बी झडले की कापायचा, आणि कापताना मधेमधे गवताचे पट्टे उभे सोडायचे, असे वस्तीतल्या बायकांशी बोलणे चालू आहे. गवताची पेंडी विकली तर चार पैसेही येतात. वस्तीतली कुत्री अंडी खातात, ती त्या महिन्यांत बांधून ठेवायची की नाही, यावर अजून वाद आहे. राखणीला कुत्रे लागतेच, असे म्हाताऱ्यांचे म्हणणे आहे.