सत्तरीतल्या डोळ्याचा पातळ पडदा

गेल्या पावसाळ्यात शिंदखेड्यात आमच्या ओळखीच्या एका बुजुर्गांचा इंतकाल झाला. वय सत्तरच्या पुढे. नेत्रदानाची इच्छा त्यांनी हयातीत बोलून दाखवली होती. पण घरातले कोणीतरी म्हणाले, "इतक्या म्हाताऱ्या डोळ्यांचा कोणाला काय उपयोग?" आणि विषय तिथेच संपला. आम्ही शाळेत विज्ञान शिकवतो, तरी त्या वेळी उत्तर सुचले नाही. नंतर वाचले तेव्हा कळले, गोष्ट जवळजवळ उलटी आहे.

डोळ्याच्या पुढचा पारदर्शक पडदा म्हणजे कॉर्निया. जाडी जेमतेम अर्धा मिलिमीटर. त्याच्या सर्वांत आत पेशींचा एकच थर असतो. विहिरीवरच्या मोटारीसारखा तो कॉर्नियातले पाणी सतत बाहेर उपसतो. या पेशी मेल्या तर आपल्या शरीरात पुन्हा तयार होत नाहीत. फार कमी झाल्या की पडदा फुगतो, दुधट होतो. काहींना सकाळी धुरकट दिसते आणि दुपारपर्यंत थोडे साफ होते. मोतीबिंदूच्या ऑपरेशननंतरही काही जणांना हा त्रास होतो.

1905 मध्ये डॉ. एडुआर्ड झिर्म यांनी पहिले यशस्वी कॉर्निया प्रत्यारोपण केले. त्यात पूर्ण जाडीचा पडदा बदलला जाई, आणि ती पद्धत आजही लागते. पण बिघाड फक्त आतल्या थराचा असेल तर सगळा पडदा कशाला काढायचा? म्हणून यंत्राच्या पात्याने मागची पातळ चकती कापून बसवू लागले. ती साधारण 100 ते 200 मायक्रॉनची असते. एक मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग. 2006 मध्ये नेदरलँड्सचे डॉ. गेरिट मेलेस यांनी त्याहून पातळ, 10 ते 15 मायक्रॉनचा पडदा बसवण्याची पद्धत मांडली. तिला डीमेक म्हणतात.

हा पडदा कापत नाहीत, सोलतात. नेत्रपेढीत आधी पेशी मोजतात आणि दात्याच्या रक्ताची तपासणी होते. मग कॉर्निया आतली बाजू वर करून ठेवतात. निळा रंग लावला की कडा दिसू लागते. ती कडा हळूच सुटी करून, द्रवात बुडालेली असतानाच, बारीक चिमट्याने पडदा ओढत आणतात. उकळलेल्या दुधावरची साय न फाडता उचलून पाहा, म्हणजे अंदाज येईल! फाटला तर त्या रुग्णासाठी तो वाया गेला. सुटा झालेला पडदा आपोआप गुंडाळला जातो, म्हणून उलट-सुलट कळावे यासाठी त्यावर अक्षराची खूण करतात.

आणि इथेच वय कामी येते. तरुण दात्याचा पडदा घट्ट गुंडाळतो, डोळ्यात उलगडता उलगडत नाही. वयाबरोबर पेशींखालचे अस्तर जाड होत जाते, त्यामुळे वयस्क दात्याचा पडदा सोलायला आणि उलगडायला सोपा. फक्त पेशी पुरेशा हव्यात. दात्याला मधुमेह असेल तर फाटण्याची भीती जास्त, पण ते डोळे दुसऱ्या पद्धतीने वापरता येतात. चश्मा किंवा झालेले मोतीबिंदूचे ऑपरेशन, यामुळेही नेत्रदान अडत नाही.

बसवलेला पडदा टाक्यांनी नव्हे, हवेच्या किंवा वायूच्या बुडबुड्याने चिकटतो. म्हणून रुग्णाला एक-दोन दिवस उताणे झोपावे लागते. सजदा त्या दिवसांत नाही, नमाज इशाऱ्याने.

राहिला शरीयतचा प्रश्न. 1988 मध्ये जेद्दाच्या फिकह अकादमीने मृताची किंवा वारसांची परवानगी असल्यास असे प्रत्यारोपण जायज ठरवले. आपल्याकडच्या अनेक उलेमांचे मत मात्र वेगळे आहे. ज्याला इच्छा आहे त्याने आपल्या मुफ्तींना आजच विचारून घरच्यांना सांगून ठेवावे. मय्यतीच्या घरी ही चर्चा होत नसते, हे आम्ही पाहिले.

दफनाला उशीर होईल ही भीतीही नको. सहा तासांच्या आत डोळे काढावे लागतात, पथक घरी येते, काम अर्ध्या तासाच्या आत होते, चेहरा विद्रूप होत नाही. तोवर पापण्या मिटून त्यावर ओला कापूस ठेवावा, डोक्याखाली उशी द्यावी, पंखा बंद करावा. गुस्ल त्यानंतर.