सकाळचा आकडा

माझ्या उशाशी एक यंत्र आहे. रोज सकाळी मास्क काढला की त्याच्या छोट्या पडद्यावर एक आकडा उमटतो. आज २.४ होता, काल १.९. रात्री झोपेत माझा श्वास तासाला सरासरी किती वेळा अडला, ते हा आकडा सांगतो, असं यंत्र देणाऱ्याने समजावलं होतं. पाचाच्या आत असला की सगळं ठीक.

वढू बुद्रुकमध्ये सकाळी आकड्यांची चिठ्ठी हातात घेणारा मी एकटा नाही. डेअरीत दूध घालून परतणाऱ्या प्रत्येकाच्या हातात फॅट आणि एसएनएफची चिठ्ठी असते. पण फॅट एका पॉइंटनेही कमी लागली, तर आमची माणसं दुसऱ्या दिवशी कॅन घेऊन दुसऱ्या यंत्रावर जातात. उसाच्या काट्याचंही तेच. ज्या यंत्रावर पोट आहे, त्याचं खरं-खोटं आम्ही करून घेतो. ज्या यंत्रावर श्वास आहे, त्याचं मात्र मी चार वर्षं निमूट ऐकलं. माझा विश्वास ढळला तो माझ्या नव्हे, आमच्या दाजींच्या आकड्याने.

दाजी शिक्रापूरला राहतात आणि रांजणगावच्या कारखान्यांतल्या कामगारांची बस चालवतात. अंगाने भरलेले, वर्षानुवर्षं बिडी ओढलेले. ते घोरायला लागले की शेजारच्या घरात कळायचं, आणि आपल्याकडे घोरणाऱ्याला ढाराढूर झोप लागली असंच म्हणतात. तपासणीत तासाला चाळीसच्या वर श्वास अडतो असं निघालं. यंत्र आलं, आकडा तीनवर आला. तरीही पुणे-नगर रस्त्यावर सिग्नलला गाडी उभी केली की त्यांची मान खाली जायची. डोकं सकाळपासून जड. बहीण काळजीत आणि दाजी म्हणायचे, ‘‘मशीन तीन दाखवतंय की! मग मला झालंय काय?’’ मागे चाळीस माणसं बसवून चालणाऱ्या बसचा हा प्रश्न होता, म्हणून मी वाचायला बसलो. जन्मभर शाळेत विज्ञान शिकवलं, त्याचा एवढा तरी उपयोग.

आधी मूळ आकड्याचं बघू. झोपेत घशाचे स्नायू सैल पडतात आणि काहींच्या घशाची वाट मिटते. छाती-पोट जोर लावत राहतात, पण हवा आत जात नाही. रक्तातला प्राणवायू उतरतो, मेंदू क्षणभर जागा होतो, घसा उघडतो, माणूस मोठ्याने श्वास घेऊन पुन्हा झोपतो. सकाळी त्याला यातलं काही आठवत नाही. प्रयोगशाळेत हे मोजताना डोक्याला, डोळ्यांजवळ, हनुवटीला, छातीला, पोटाला, पायांना आणि बोटाला तारा-पट्टे लावतात. अमेरिकेतल्या निद्राविज्ञान अकादमीचे नियम जगभर चालतात. हवेचा प्रवाह किमान दहा सेकंद नव्वद टक्के किंवा त्याहून जास्त घटला, तर तो पूर्ण श्वासरोध, म्हणजे अ‍ॅप्निया. निदान तीस टक्के घटला आणि त्याबरोबर प्राणवायू तीन टक्क्यांनी उतरला किंवा मेंदू जागा झाला, तर तो अर्धवट रोध, म्हणजे हायपॉप्निया. दोन्हींची बेरीज भागिले झोपेचे तास, म्हणजे एएचआय. पाच ते पंधरा सौम्य, तीसपर्यंत मध्यम, त्यापुढे तीव्र.

ही व्याख्याही दगडावरची रेघ नाही. तीन टक्क्यांऐवजी चार टक्के घसरण हवी असं धरलं, आणि मेंदूची जाग मोजलीच नाही, तर त्याच माणसाचा त्याच रात्रीचा आकडा बराच खाली येतो. दोन्ही व्याख्या आजही वापरात आहेत, म्हणून जुना-नवा रिपोर्ट शेजारी ठेवताना कोणता नियम लावला ते विचारायला हवं.

हा आजार आपल्याकडचा नाही असं कोणी समजू नये. मुंबईच्या हिंदुजा रुग्णालयातले डॉ. झरीर उदवाडिया आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी मध्यमवयीन शहरी पुरुषांची पाहणी करून २००४ साली निष्कर्ष छापले. १९.५ टक्क्यांचा आकडा पाच किंवा त्याहून जास्त होता, आणि दिवसाच्या झोपाळूपणासह पुरता आजार ७.५ टक्के जणांना होता. म्हणजे साधारण दर पाचांत एक. आमच्या पारावर रोज संध्याकाळी आठ-दहा जण बसतात, तेव्हा मला हा हिशेब आठवतो.

उपाय निघाला सिडनीत. कॉलिन सलिव्हन यांनी १९८१ मध्ये पाच रुग्णांवरचा अनुभव छापला. नाकातून सतत दाबाची हवा सोडली की घसा मिटत नाही. सुरुवातीच्या यंत्रांत व्हॅक्यूम क्लीनरची मोटर वापरली होती म्हणतात. दाब फार नसतो, दहा सेंटिमीटर पाण्याएवढा धरा. अर्ध्या वितीच्या पाण्याखाली असतो तेवढाच, पण घशाच्या मऊ भिंती उघड्या ठेवायला तो पुरतो.

मला सगळ्यात उशिरा उमगलेली गोष्ट अशी की ते यंत्र हवा देण्यासाठी जन्मलं, मोजण्यासाठी नव्हे. मोजणं नंतर चिकटलं. त्याच्याजवळ डोक्याची तार नाही, छातीचा पट्टा नाही, बोटाचा चिमटाही बहुधा नसतो. त्याच्या पोटात एक प्रवाहमापक आणि एक दाबमापक, एवढंच. तो प्रवाहही सगळा आपल्या श्वासाचा नसतो. उच्छ्वास बाहेर जावा म्हणून मास्कला मुद्दाम बारीक छिद्रं ठेवलेली असतात, आणि दहाच्या दाबाला त्यांतून मिनिटाला तीसेक लिटर हवा निघून जाते. माणूस शांत झोपेत मिनिटाला सहा-सात लिटर हवा आत घेतो. त्यात मास्क गालावर नीट बसला नाही, तर तिसरी गळती. आमच्या तालुक्यात चासकमानच्या पाटाचं पाणी येतं. पाटाच्या तोंडाशी उभं राहून आपल्या वावरात किती पाणी पोचलं ते सांगायचं, वाटेतलं पाझरणं आणि फुटलेली चारी वजा करून, तसंच यंत्राचं काम आहे. छिद्रांची गळती ठरलेली असते, म्हणून ती वजा करता येते (मास्कचा प्रकार यंत्रात नीट भरायचा तो याचसाठी). चारी फुटली की मात्र अंदाज सुरू होतो. गळती फार झाली की यंत्राला श्वासाची लाटच नीट दिसत नाही, आणि त्या रात्रीचा आकडा कमी असो वा जास्त, त्याच्यावर भरवसा नाही.

दुसरी अडचण व्याख्येची. प्राणवायू आणि मेंदूची जाग दिसत नसल्याने यंत्र फक्त प्रवाहाच्या घटीवर निकाल देतं, आणि किती घट झाली की ‘रोध’ म्हणायचं ते प्रत्येक कंपनी आपापलं ठरवते. कुणी पंचाहत्तर टक्के धरतं, कुणी ऐंशी. अर्धवट रोधाचे उंबरठे तर आणखी वेगळे. अमेरिकन थोरॅसिक सोसायटीच्या तज्ज्ञांनी २०१३ मध्ये हे स्पष्ट लिहिलं आणि यंत्राच्या आकड्याला प्रयोगशाळेच्या आकड्याचंच नाव न देता ‘एएचआय-फ्लो’ म्हणावं असं सुचवलं. यंत्रांच्या पडद्यावर अजून जुनंच नाव दिसतं.

यंत्र आणि प्रयोगशाळा एकाच रात्री शेजारी चालवून तुलनाही झाल्या आहेत. त्यांतून दिसतं ते असं: पूर्ण रोध यंत्राला चांगले सापडतात, अर्धवट रोधांत ते चुकतं. ते स्वाभाविकच आहे. नळ बंद झाला हे कुणालाही कळतं. धार तीस टक्के बारीक झाली हे ओळखायला आधीची धार किती होती ते माहीत लागतं.

वाचून समाधान होईना, म्हणून मी घरीच प्रयोग केले. भाच्याने लॅपटॉपवर ऑस्कर नावाचं फुकट मिळणारं सॉफ्टवेअर टाकून दिलं. यंत्रातलं कार्ड त्यात घातलं की रात्रीचा श्वास न् श्वास आलेखात दिसतो. एका दुपारी मास्क लावून पूर्ण जागा राहिलो, घड्याळ समोर ठेवलं. आठ सेकंद श्वास धरला, यंत्राने दखल घेतली नाही. पंधरा सेकंद धरला, नोंद झाली. यंत्राच्या लेखी मी झोपलो होतो आणि माझा श्वास अडला होता! नंतर अर्धा तास नुसता पडून राहिलो, कूस बदलली, आवंढे गिळले, एक मोठा सुस्कारा सोडला. त्या अर्ध्या तासात चार ‘रोध’ जमा झाले. पहाटे चारला जाग येऊन काकड आरती होईपर्यंत मी तसाच पडून असतो. माझ्या आकड्यातला किती हिस्सा त्या वेळेचा असेल, याचा तोवर मी विचारच केला नव्हता.

भागाकाराचीही गंमत आहे. प्रयोगशाळा झोपेच्या तासांनी भागते, यंत्र मास्क चालू असलेल्या तासांनी. समजा आठ तास मास्क लावला, झोप पाचच तास लागली आणि तेवढ्यात तीस रोध झाले. प्रयोगशाळेचं उत्तर सहा, यंत्राचं पावणेचार. एक उत्तर पाचाच्या वर, एक खाली. जागेपणीच्या खोट्या नोंदी आकडा फुगवतात आणि जागेपणीचे तास तो आकसवतात. दोन्ही चुका कधी एकमेकींना झाकतात, कधी झाकत नाहीत. शिवाय सरासरी ती सरासरीच. स्वप्नांच्या झोपेच्या एका तासात वीस रोध आणि बाकी सात तासांत एकही नाही, तरी सकाळी पडदा अडीच दाखवून मोकळा होतो.

माझ्या प्रयोगाचा दुसरा भाग मला जास्त मोलाचा वाटतो. श्वास दोन कारणांनी थांबतो: घसा मिटल्याने, किंवा मेंदूने श्वास घेण्याचा हुकूमच न दिल्याने. दुसऱ्या प्रकारात वाट उघडी असते, पण छाती हलत नाही. प्रयोगशाळेत छातीचा पट्टा हा फरक सांगतो. पट्टा नसलेलं यंत्र एक युक्ती करतं. श्वास काही सेकंद थांबला की ते हवेचा हलका कंप सोडतं, माझं यंत्र सेकंदाला चार वेळा. कंपाबरोबर हवा आतबाहेर झाली तर वाट उघडी, कंप आपटून परतला तर बंद. कणगी रिकामी की भरलेली ते टिचकी मारून बघतात ना, तसं. मी घसा आवळून श्वास धरला, तेव्हा नोंद ‘बंद’ अशी झाली. घसा मोकळा ठेवून नुसती छाती थांबवली, तेव्हा ‘उघडा’. तो कंप घशात चक्क जाणवतो. युक्ती नामी आहे, पण पुरती नाही. मेंदूच्या थांब्यातही काही वेळा घसा आपोआप मिटतो, हे दुर्बीण घालून पाहिलेलं आहे. तेव्हा यंत्र ‘बंद’ म्हणतं आणि मूळ कारण वेगळंच असतं.

हा नुसता शब्दांचा खेळ नाही. ‘बंद’ असेल तर दाब वाढवतात. ‘उघडा’ असेल तर वाढवलेला दाब कधी उलट त्रास देतो. श्वासागणिक आधार कमी-जास्त करणारी आणखी हुशार यंत्रं आहेत. पण ज्यांच्या हृदयाची ताकद बरीच घटली आहे आणि ज्यांचे रोध मुख्यतः मेंदूच्या बाजूचे आहेत, अशांवर ती वापरली तेव्हा हृदयविकाराने होणारे मृत्यू कमी न होता वाढले. सर्व्ह-एचएफ नावाच्या, १३२५ रुग्णांच्या चाचणीने हे २०१५ मध्ये दाखवलं. म्हणून पडद्यावरचा शब्द वाचून घरच्या घरी दाबाचं बटण फिरवू नये. मी फिरवलं होतं एकदा. डॉक्टरांची बोलणी खाल्ली.

आता दाजी. त्यांच्या आलेखात गळती नव्हती, तास भरपूर होते, नोंदी मोजक्याच. यंत्र खोटं बोलत नव्हतं. शेवटी पुण्यात एक रात्र यंत्र लावूनच त्यांची पूर्ण तपासणी झाली. रोध खरोखरच थोडे निघाले. पण बोटाच्या चिमट्याने सांगितलं की रात्रीचा मोठा भाग प्राणवायू नव्वदच्या खाली होता. घसा उघडा होता, श्वास चालू होता, पण रात्रभर उथळ. यंत्र प्रत्येक श्वास गेल्या काही मिनिटांच्या सरासरीशी ताडून पाहतं. ती सरासरीच खालावलेली असेल, तर त्याला घट दिसणार कुठून? सगळी चारीच बारीक वाहत होती, आणि यंत्र मध्ये कुठे तुटते तेवढंच बघत होतं. धमनीच्या रक्तात कर्बवायू साठलेला निघाला. सकाळचं जड डोकं त्याचंच होतं. डॉक्टरांनी श्वास घेताना जास्त आणि सोडताना कमी दाब देणारं यंत्र दिलं, वजनाबद्दल आणि बिडीबद्दल सुनावलं, आणि पुन्हा तपासेपर्यंत स्टीअरिंगला हात लावायचा नाही असं बजावलं. दोन महिने दाजी घरी बसले. ते दोन महिने बहिणीला आजारापेक्षा जड गेले.

आता दाजी पुन्हा दिवसपाळीला बस नेतात. नव्या यंत्राचा आकडाही तीनच्याच आसपास असतो, पण ते तो बघत नाहीत. महिन्यातून एक रात्र बोटाला चिमटा लावून झोपतात आणि सकाळी त्याचा आलेख मला पाठवतात. मी माझ्या यंत्राचं पान उघडतो तेव्हा आधी गळती बघतो, मग तास, मग नोंदी रात्री कोणत्या वेळी गोळा झाल्यात ते, आणि आकडा सगळ्यांत शेवटी. गेल्या आठवड्यात तो एकदम ६.८ झाला होता. गळतीची रेघ मध्यरात्रीनंतर उभी चढलेली, नोंदी सगळ्या तिच्याखाली. मास्कची रबरी गादी उजव्या बाजूला फाटली होती. नवी मागवली आहे, ती येईपर्यंत फाटल्या जागी चिकटपट्टी लावून झोपतो.