तीन घोडागाड्यांचा एक डबा

परवा एका मित्राने इंग्लंडहून आणलेला हॉर्नबी कंपनीचा 'रॉकेट' हा मॉडेल रेल्वेचा सेट दाखवला. सगळ्यांच्या नजरा इंजिनावर खिळलेल्या, माझी नजर मात्र मागच्या पिवळ्या डब्यांवर!

हे डबे लिव्हरपूल-मँचेस्टर रेल्वेचे. ती सुरू झाली १५ सप्टेंबर १८३० रोजी. तेव्हा डबे बांधायचं कसब होतं घोडागाड्या बनवणाऱ्यांकडे. त्यांनी तीन बग्ग्यांचे सांगाडे एका चौकटीवर एकामागोमाग एक बसवले आणि झाला पहिल्या वर्गाचा डबा!

मॉडेल हातात घेऊन बाजूने बघा. दारांखालची कड सरळ नाही. प्रत्येक कप्प्याचं पोट बग्गीसारखं खाली गोल वळतं. डब्यांना नावंसुद्धा असत. सामान टपावर. एका कप्प्यात सहा, म्हणजे डब्यात अठरा प्रवासी.

गरिबांच्या वाट्याला मात्र बहुतेकदा उघडे डबे. तिसऱ्या वर्गाला ऊन-पावसापासून आडोसा देणं बंधनकारक झालं ते १८४४ च्या कायद्याने. म्हणून त्या काळाची गाडी मांडताना उघडा डबा हवाच, नाहीतर चित्र खोटं वाटतं.

एक तांत्रिक गोष्ट: ब्रिटिश 'डबल ओ' मॉडेल साधारण १:७६ प्रमाणात असतात, पण दोन रुळांमधलं अंतर १६.५ मिमी. हिशेबाने ते जवळपास १८.८ मिमी हवं. त्यामुळे समोरून पाहिल्यावर चाकं किंचित आत सरकल्यासारखी दिसतात. तो तुमच्या मॉडेलचा दोष नव्हे.

जुन्या डब्यांबद्दल काही विचारायचं असेल तर कमेंटमध्ये जरूर विचारा. तुमच्याकडे असा डबा असेल तर फोटोही टाका!