उसाच्या कुळातले रानगवत

पावसाळा सरता सरता नदीकाठी रुपेरी तुरे काढणारे काश हे गवत बारीक कांडीचे आणि जेमतेम गोडीचे असते, तरीही महाराष्ट्रात मोठ्या क्षेत्रावर लावल्या जाणाऱ्या को ८६०३२ सारख्या वाणांच्या कुळात त्याचा वाटा आहे. जाड, रसाळ ऊस उत्तर हिंदुस्थानातील थंडीत टिकत नसे. म्हणून १९१२ साली कोईमतूर येथे स्थापन झालेल्या केंद्रात सी. ए. बार्बर आणि टी. एस. वेंकटरामन यांनी त्याचा काशाशी संकर घडवला आणि त्यातून को २०५ हे वाण हाती आले.

या संकरातील सर्वांत विलक्षण गोष्ट पेशीत घडते. गुणसूत्रे म्हणजे आनुवंशिक गुण वाहून नेणारे धागे. एरवी मातेकडून त्यांतील निम्मेच संततीत उतरतात, परंतु येथे माता असलेला जाड ऊस बहुधा आपली सर्व ८० गुणसूत्रे देतो आणि काशाकडून मात्र निम्मीच येतात, त्यामुळे संततीचा पुन्हा जाड उसाशी संकर केला की गोडी लवकर परतते आणि काशाचा काटकपणा, रोगांना तोंड देण्याची ताकद व खोडवा जोमाने फुटण्याचा गुणही टिकून राहतो.

खंत एवढीच, की जगभरातील बहुतेक वाण मोजक्याच पूर्वजांपासून उतरले असल्याने त्यांच्यातील वैविध्य तोकडे आहे. काशाचे असंख्य रानटी प्रकार प्रजननात अजून वापरलेच गेलेले नाहीत, आणि ते ज्या नदीकाठांवर वाढतात ते झपाट्याने बदलत आहेत.