वैर खेळांतलें, घाव यंत्रावर?

घाटकोपरांतील अनेक घरांत मुलें रात्रीं दूरच्या गड्यांशीं संगणकावर खेळतात. हरलेला गडी 'तुझा राउटर जाळतों' म्हणून धमकावतो, तेव्हां आईबाप धास्तावतात. यांत तथ्य किती?

प्रतिपक्षास आपल्या जोडणीचा इंटरनेटवरील पत्ता कळल्यास तो तेथें निरर्थक संदेशांचा पूर लोटूं शकतो. वाट तुंबते, खेळ थांबतो. पूर ओसरला कीं यंत्र बहुधा पूर्ववत् चालतें. तें जळत नाहीं.

मात्र कारखान्याचा सांकेतिक शब्द तसाच ठेवणें म्हणजे कुलुपांतच किल्ली विसरणें होय. जुलै 2017 मध्यें भारत संचार निगम व महानगर टेलिफोन निगम यांच्या ग्राहकांचीं हजारों मोडेम अशाच उघड्या वाटेनें बंद पाडण्यांत आलीं. 'ब्रिकरबॉट' या विध्वंसक आज्ञावलीच्या कर्त्यानें तें कृत्य आपलें म्हणून सांगितलें. तेथें खेळांतलें वैर नव्हतें. पण उघडें दार वैऱ्यासही उघडेंच.

म्हणून वाचकांस आमचें सांगणें इतकेंच: सांकेतिक शब्द आजच बदलावा, बाहेरून यंत्र हाताळण्याची सोय बंद ठेवावी. आणि आपल्या चिरंजीवांसही बजावावें, कीं अशा सूडास 2000 सालच्या माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या कलम 66 अन्वयें 3 वर्षांपर्यंत कैद होऊं शकते.