कोयत्याचा धातू

दसरा सरला की धारूर, वडवणी, पाटोदा, शिरूर कासार या बीड जिल्ह्यातील बालाघाटाच्या डोंगरपट्ट्यात लोहाराच्या भात्याला उसंत मिळत नाही. कारण दिवाळीच्या आगेमागे ज्या कुटुंबांना पश्चिम महाराष्ट्राच्या वा कर्नाटकाच्या साखर कारखान्यांकडे निघावयाचे असते, त्यांना तत्पूर्वी आपापले कोयते पाजवून घ्यावयाचे असतात. धारूरच्या बाजारात अशाच एका भात्याजवळ बसलो असता मुकादमाचे एक वाक्य कानी पडले आणि विद्यार्थिदशेपासून जडलेल्या माझ्या व्युत्पत्तीच्या छंदास नवे खाद्य मिळाले. ‘यंदा माझ्याकडं बारा कोयते हायेत, त्यातला एक अर्धा,’ असे तो म्हणत होता. अर्ध्या कोयत्याने ऊस कसा तुटणार, अशी पृच्छा मी केली, तेव्हा लोहार हसून म्हणाला, ‘गुरुजी, कोयता म्हंजी जोडपं. एकटाच गडी असला की अर्धा.’

हे हत्यार एकदा हातात घेऊन पाहावे. रुंद पाते, टोकाशी किंचित आत वळलेले. लाकडी मूठ घामाने काळी पडलेली. साखरेचा उतारा बुडख्याशी अधिक, म्हणून ऊस जमिनीलगत तोडावयाचा, त्याच पात्याने पाचट उडवून शेंड्याचे वाढे छाटावयाचे आणि मग मोळी बांधावयाची. कोकणातील शेतकरी याचीच धाकटी बहीण, कोयती, कमरेच्या आकडीत अडकवून माडावर चढतो. हत्यार सर्वांच्या परिचयाचे आहे. त्याचे कुळ मात्र फारसे कोणी विचारीत नाही.

‘कोय्’ हा द्राविड भाषांतील कापण्याचा धातू होय. कानडीत ‘कोय्यु’ म्हणजे कापणे आणि ‘कोय्लु’ म्हणजे सुगी; मल्याळमात ‘कोय्त्तु’ हा भाताच्या कापणीचा नित्याचा शब्द; तेलुगूत ‘कोयु’ हे क्रियापद व त्यापासून झालेले ‘कोत’ हे नाम. अंबाजोगाईस आलेल्या एका मल्याळी स्नेह्यास मी कोयता दाखविला, तेव्हा त्याने क्षणाचाही विलंब न लावता ‘कोय्त्तरिवाळ्’ असे आपल्या मुलखातील विळ्याचे नाव उच्चारले. तमिळ माणूस मात्र याच धातूने फुले खुडतो. कानडी आणि तेलुगू माळिणीही फुले ‘कोय’तात. म्हणजे एकाच धातूच्या वाट्यास दक्षिणेत मोगऱ्याची कळी आली आणि गोदावरीच्या अलीकडे येता येता उसाचा बुडखा. तेलुगूने तर या शब्दास फार खोल नेले आहे. वीजकपातीला तेथे ‘कोत’ म्हणतातच, परंतु ‘कडुपु कोत’, शब्दशः पोटाची कापणी, म्हणजे अपत्यवियोगाचे दुःख.

सुरी संस्कृतातील क्षुरिकेपासून आली, कात्री कर्तरीपासून, चाकू तुर्की-फारशी वाटेने आणि कोयता दक्षिणेकडून; एका मराठी घरात चार पात्यांच्या इतक्या वंशावळी नांदतात, याचे मला नेहमी कौतुक वाटत आले आहे. विश्वनाथ खैरे यांनी ‘द्रविड महाराष्ट्र’ आणि ‘अडगुलं मडगुलं’ या ग्रंथांत मराठीचे तमिळशी असलेले नाते हिरिरीने मांडले. त्यांच्या काही व्युत्पत्ती मला ओढाताणीच्या वाटतात, तरी शेतीच्या शब्दांबाबत त्यांनी दाखविलेली दिशा योग्यच आहे. आणि बीडकरांना तरी यात नवल का वाटावे? १९५६ पर्यंत हा जिल्हा ज्या हैदराबाद राज्यात होता, तेथे तेलुगू, कानडी, मराठी आणि उर्दू यांचा एकच संसार होता. आजही परळीच्या वैजनाथास आंध्र-कर्नाटकातील यात्रेकरू येतच असतात.

मुकादमाचीही कुळकथा ओघात सांगून टाकतो. अरबीतील ‘मुकद्दम’ म्हणजे पुढे केलेला, अग्रणी. कदम आणि कदीम हे त्याचे सख्खे भाऊबंद. मोरोक्कोत तो मोहल्ल्याचा सरकारी माणूस झाला, स्पॅनिशमध्ये ‘आल्मोकादेन’ या रूपाने पायदळाचा नायक झाला आणि आपल्या जुन्या दप्तरांत गावचा पाटील म्हणजेच ‘मोकदम’ होता. आज तो कारखान्याकडून पैसे घेऊन मजुरांना उचल वाटतो. हुद्दा उतरला, सत्ता उतरली असे म्हणवत नाही.

पार्श्वभूमी सर्वज्ञात आहे, म्हणून आटोपती घेतो. १९५० च्या सुमारास प्रवरानगरास सहकारी कारखाना सुरू झाला, मागोमाग इतर निघाले, १९७२ च्या दुष्काळाने कोरडवाहू बालाघाट अधिकच रिता झाला आणि बीड हा ऊसतोड मजुरांचा जिल्हा म्हणून ओळखला जाऊ लागला. उचल, टोळी, फड, कोपी, आणि हंगाम संपला की ‘पट्टा पडला’: एवढ्या शब्दांत सहा महिन्यांचा संसार मावतो.

माझे मन मात्र त्या ‘अर्ध्या’पाशी अडून राहते. फारशी वळणाच्या दप्तरांत मोजणीची मोठी शिस्त असे: घोडे ‘रास’, हत्ती ‘जंजीर’, माणसे ‘नफर’. हत्ती साखळीने मोजला तरी माणूस माणूस म्हणूनच मोजला जाई. उसाच्या फडात माणूस हत्याराच्या नावाने मोजला गेला आणि तोही एकटा पूर्ण भरला नाही. याचा व्यवहारातील अर्थ असा की उचल जोडीला मिळते, फेडायची जोडीने, आणि एकाचा खाडा पडला की दोघांचे काम अडते. यात बाईच्या दुखण्यास जागा उरत नाही. गर्भाशय काढून टाकण्याच्या शस्त्रक्रियांचा बोभाटा झाल्यावर २०१९ साली शासनाने नेमलेल्या समितीपुढे जी पाहणी आली, तीत जिल्ह्यातील ८२,३०९ ऊसतोड स्त्रियांपैकी १३,८६१ जणींची ही शस्त्रक्रिया झालेली आढळली. तेलुगूतील तो शब्दप्रयोग मी ज्या कुतूहलाने टिपून ठेवला होता, ते कुतूहल हा आकडा वाचल्यानंतर टिकले नाही.

मोल्सवर्थच्या कोशाची दुसरी आवृत्ती १८५७ ची. तेव्हा कारखाने नव्हते, त्यामुळे कोयत्याचा हा अर्थ तीत येणे शक्यच नव्हते. आजच्या कोशकारांना ती सबब नाही. त्यांनी पुढील आवृत्तीत ‘कोयता’ या नोंदीखाली ‘ऊसतोडणीसाठी एकत्र उचल घेणारे नवरा-बायको’ हा अर्थ अवश्य द्यावा, ‘अर्धा कोयता’ ही पोटनोंद करावी आणि प्रदेशनिर्देश म्हणून पुढे ‘बीड’ असे लिहावे.